मिलिंद खरात आणि सातवा सेकंद

तीर्थपुरीला एका लग्नाच्या पंगतीत मी गोष्ट सांगत होतो, तेव्हा मिलिंदच्या भावाचा फोन आला. गोष्ट ऐन रंगात आलेली. आमचा रोबोट स्पर्धेच्या टेबलावरून उडी मारून खाली उतरलाय, प्रमुख पाहुणे खुर्ची सोडून पळतायत, त्यांच्या शालीचं टोक चाकात अडकलंय आणि रोबोट ती शाल ओढत त्यांच्या मागे हॉलच्या दरवाजापर्यंत... समोर बसलेल्या नवरीच्या मामांना हसून हसून ठसका लागला होता. अशा वेळी फोन कोण घेतो? मी कापला. परत वाजला, परत कापला. वाढपी जिलेबी घेऊन आला, पाहुणे हॉलबाहेर गेले, रोबोट त्यांच्या गाडीत पुढच्या सीटवर जाऊन बसला, सगळी पंगत खदखदून हसली, मग मी हात धुतले आणि फोन लावला. "दिनेशभाऊ, मी कव्हाचा लावून राह्यलो," विकास म्हणाला. "मिलिंददादा गेले. सकाळीच, वर्कशॉपात. वाटूरला आणून राह्यलो, तुम्ही तिकडंच या."

मिलिंद खरात, वय चौतीस, राहणार वाटूर. जालन्यात एका खासगी आयटीआयमध्ये निदेशक. त्याची बातमी कुठं छापून आली नाही, यायचं कारणही नव्हतं. मी ज्याची फजिती सांगून पंगत हसवत होतो, तो त्या वेळी गाडीत पांढऱ्या चादरीखाली आपल्या गावाच्या रस्त्याला लागलेला होता... हे लिहायला बसायला मला दीड महिना लागला. एरवी कशालाही दीड मिनिट लागत नाही.

बदनापूर-जालना रोज जाणंयेणं करणारे लोक मला ओळखतात. माझ्या गोष्टीतला साप दहा हातांच्या खाली नसतो आणि माझ्या गोष्टीतलं पाणी कमरेच्या खाली उतरत नाही. मिलिंद म्हणायचा, "दिन्याचं ऐकून घ्यायचं आन् चारानं भागायचं." म्हणून आधीच कबूल करून टाकतो, या लेखात कुठं फुगवलं गेलंच तर पुढच्याच वाक्यात मी स्वतः हवा काढीन. सुरुवात त्या पंगतीतल्या गोष्टीपासून करू. रोबोट कुणाच्या मागे लागला नव्हता. शाल नव्हती. टेबलावरून उडी मारायचा प्रश्नच नव्हता, कारण स्पर्धा जमिनीवर मांडलेल्या पाटांवर होती. तो रेघ सोडून सरळ गेला आणि परीक्षकांच्या टेबलाच्या पायाला धडकून उभा राहिला. बस. एवढंच झालं. आणि एवढ्याशा त्या धडकेवर मी तेरा वर्षं लोकांना हसवून खाल्लं.

पण पहिला राग मला मिलिंदचाच आला, हेही लिहून ठेवतो. त्याची बायको, सविता वहिनी, सांगत होत्या, दोन दिवस छातीत जळजळतंय म्हणत होता. "डॉक्टरकडं चला म्हणलं, भावजी, तर म्हणे ॲसिडिटी आहे, पोरांचं प्रॅक्टिकल झालं की जातो." गोळी चघळली, डबा घेतला, गेला. पोरांना मोटार उघडून दाखवता दाखवता स्टुलावर बसला आणि उठलाच नाही. अरे, तू वायरीचा एक जोड लावलास की आधी ओढून बघायचास, मग मीटर लावून बघायचास, मग मला ओढायला लावायचास! आणि स्वतःच्या छातीत काय चाललंय ते एकदा कुणाकडून तपासून घ्यायला तुला सवड झाली नाही? हे मी वाटूरला त्याच्या अंगणात मोठ्यानं बोललो, सगळ्यांदेखत. लोकांना वाटलं, दोस्त आहे, दुःखानं बोलतोय. दुःख होतंच. पण मी भांडत होतो. आमचं एक भांडण तेरा वर्षांपासून व्हायचं राहिलं होतं, आणि त्यानं ते न करताच काढता पाय घेतला होता.

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आम्ही एका बाकावर आलो. मी बदनापूरचा, वडील कचेरीत, घरात सगळे बोलणारे. मिलिंदच्या वडिलांचं वाटूरला जळालेल्या मोटारी भरून द्यायचं दुकान. आसपासच्या गावांतल्या विहिरींवरच्या मोटारी तिथं यायच्या, आणि हा दहाव्या वर्षापासून तांब्याच्या तारेचे वेढे मोजत बसलेला. त्यामुळे बोलायचं कमी आणि मोजायचं जास्त. शर्टाच्या खिशात लोक पेन ठेवतात, हा छोटा मीटर ठेवायचा. मला पहिल्या दिवशी विचारतो, "तुह्या मोबाईलचं चार्जर गरम होतं का?" म्हटलं, होतं. म्हणे, "उद्या आण, बघू." दुसऱ्या दिवशी त्यानं ते उघडलं, दोन तास बघितलं, पुन्हा बंद केलं आणि सांगितलं, "बराबर आहे. थोडं गरम होतंच." दोन तास! तेवढ्यात मी नवीन चार्जर आणून, हरवून, परत शोधून काढलं असतं.

त्या वर्षी औरंगाबादला कॉलेजांची स्पर्धा लागली. वीतभर लांबीचा रोबोट बनवायचा. पांढऱ्या पाटावर काळी रेघ काढलेली असणार. वळणावळणाच्या त्या रेघेवरून रोबोटनं आपलं आपण जायचं. रिमोट नाही, दोरी नाही, एकदा सोडला की हात लावायचा नाही. प्रत्येक टीमला दोन संधी. परीक्षक म्हणून पुण्याच्या एका कंपनीचे इंजिनिअर येणार होते आणि जिंकणाऱ्या टीमला ते थेट मुलाखतीला बोलावणार होते. मला त्या मुलाखतीचं फारसं काही नव्हतं. मी बोलून कुठंही चिकटलो असतो. मिलिंदला होतं. तोंडी परीक्षेत याला घाम फुटायचा. त्याचं म्हणणं, "मला तिथं बोलायचं न्हाई. मशीन चालली पाहिजे. मशीन चालली की त्याह्यला समजतंय." आपल्या वतीनं बोलेल अशी एक वस्तू त्याला बनवायची होती. मुलाखतीपर्यंत पोचायचा त्याला दिसणारा तो एकच रस्ता होता, आणि ते मला पक्कं माहीत होतं. हे वाक्य मी मुद्दाम लिहितोय. माहीत नव्हतं असं पुढं मला म्हणता येऊ नये.

टीम चौघांची. त्यातले दोघे फॉर्मवर सही करण्यापुरते आणि स्पर्धेतलं फुकटचं जेवण जेवण्यापुरते. काम आम्हा दोघांचं. हात मिलिंदचे, प्रोग्राम माझा. पोह्याच्या डब्याच्या झाकणावर त्यानं दोन मोटारी आणि चाकं बसवली, पुढच्या बाजूला खाली तोंड करून रेघ बघणारे पाच बारके डोळे लावले, वरून काळी-पिवळी टेप गुंडाळली. नाव आपोआपच पडलं, काळीपिवळी. गावाकडच्या काळ्यापिवळ्या जीपसारखीच तीही वाटेल तिथं थांबायची आणि कुणाच्या बापाचं ऐकायची नाही. एकेका जोडाला मिलिंद इतका वेळ लावायचा की तेवढ्यात मोसंबीला बहार येऊन, फळ धरून, गाडीत भरून दिल्लीला पोचावं. बरं, पाऊण तास. पण एकवीस वर्षांच्या पोराला पाऊण तास म्हणजे मोसंबीचा एक हंगामच! लावलेला जोड चांगला दिसत असला तरी हा तो वितळवून परत लावायचा. मी वैतागून म्हणायचो, "अरे, चालतंय ना?" तो म्हणायचा, "आत्ता चालतंय." त्या 'आत्ता'वर मी कैक वेळा दरवाजा आपटून चहाला गेलो.

सरावाला पांढरा पाट पाहिजे होता. तो मी आणला. वाटूर फाट्यावर एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा भलामोठा फ्लेक्स होता. तो भर दुपारी, कार्यकर्त्यांच्या डोळ्यांदेखत, खांबावर चढून काढून आणला, असं मी सगळीकडे सांगतो. खरं म्हणजे तो वाऱ्यानं फाटून नालीच्या कडेला पडला होता. तर तो फ्लेक्स प्रयोगशाळेच्या फरशीवर उलटा अंथरायचा, पांढऱ्या पाठीवर काळ्या टेपनं रेघ लावायची, झाला रस्ता तयार. काळीपिवळी झकास पळाली. फक्त एका जागी बिघडायची. सुटल्यापासून सातव्या सेकंदाला रेघ सोडून ती हटकून डावीकडे वळायची. दोन दिवस आम्ही डोकं खाजवलं. मग मिलिंदनं फ्लेक्सची एक बाजू उचलून बघितली आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला पोट धरून हसताना पाहिलं. बरोबर त्या जागी खालच्या बाजूला पुढारी साहेबांची मिशी होती. भरगच्च, काळीकुट्ट, टोकं वर वळवलेली. स्वस्तातल्या फ्लेक्सवर शाई इतकी ओतलेली की मागून करडा डाग उमटलेला. आमची काळीपिवळी मिशीलाच रेघ समजून मिशीमिशीनं थेट साहेबांच्या कानात जाऊ बघत होती.

स्पर्धेला दोन दिवस राहिले होते. रब्बीच्या पाण्याचे दिवस, वडिलांच्या दुकानापुढं जळक्या मोटारींची रांग लागलेली, म्हणून मिलिंदला गावाकडं जावं लागलं. जाताना मला बजावलं, "छपाईवाल्याकडं कोरा तुकडा भेटतो, बिनछापलेला. तेवढा आण. त्याच्यावर टेप लाव आन् धा चकरा मारून बघ. बाकी कशाला हात लावू नको. जल्दी करू नको." म्हटलं, बिलकुल. आणि मी गेलोही. छपाईच्या दुकानापर्यंत गेलो. पायऱ्यांवर ओळखीचे दोघं भेटले. मिशीची गोष्ट ताजी होती... ती सांगितल्याशिवाय राहवेना. पहिल्यांदा सांगितली, मग तिसरा आला म्हणून परत पहिल्यापासून सांगितली, आणि दुकानाचं शटर माझ्या पाठीमागे खाली आलं ते मला कळलंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी दुकान बंद असायचा वार.

मग मी काय केलं, ते तेरा वर्षांत पहिल्यांदा सांगतोय. मी प्रोग्राम उघडला आणि त्यात एक ओळ घातली. सुटल्यापासून सातव्या सेकंदाला अर्धा सेकंद पाचही डोळे मिटायचे, काही बघायचं नाही, नाकासमोर सरळ जायचं. आमच्या फ्लेक्सवर त्या जागी रेघ सरळच होती. काळीपिवळी डोळे मिटून मिशीवरून गेली, पलीकडे डोळे उघडले, रेघ सापडली. दहाच्या दहा चकरा मारल्या. मी स्वतःच्या पाठीवर थाप मारून घेतली. संध्याकाळी मिलिंदचा फोन. "धा मारल्या?" "धाच्या धा!" "कोऱ्या फ्लेक्सवर?" "मंग काय मिशीवर?" तो समाधानानं हसला. मीही हसलो. ओळ काढून टाकायची असं मनात होतं. मनातच राहिलं.

औरंगाबादच्या त्या हॉलमध्ये चाळीस-पन्नास टीमा. आमचा नंबर आला. मिलिंदनं काळीपिवळी रेघेवर ठेवली, बटण दाबलं आणि हात मागे घेतले. सुरुवात अशी केली तिनं की शेजारची पोरं उठून उभी राहिली. हे फुगवलेलं नाही, खरंच उभी राहिली. पहिलं वळण, दुसरं वळण, लोणी कापल्यासारखी. मी मनात मोजत नव्हतो, तरी मला आकडे ऐकू यायला लागले. पाच... सहा... तिथं पाटावर रेघ उजवीकडे वळत होती. काळीपिवळीनं डोळे मिटले आणि सरळ गेली. टेबलाचा पाय. टक्.

दुसऱ्या संधीआधी दहा मिनिटं दिली होती. लॅपटॉप माझ्या पाठीवरच्या बॅगेत होता. ती ओळ काढायला एक मिनिट लागलं असतं. मला तेवढंही लागलं नसतं. मिलिंद खाली फरशीवर बसला, काळीपिवळी उलटी करून एकेक वायर ओढून बघायला लागला. वर न बघता म्हणाला, "दिन्या, प्रोग्राममधी काही बदललं न्हाई ना तू?" साधा प्रश्न होता. संशय नव्हता त्यात, तपासायच्या यादीतली एक खूण करून पुढं जायचं होतं त्याला. मी म्हणालो, "न्हाई रे. एखादा जोड ढिला असन तुहा." 'तुहा' म्हणालो मी! त्यानं मान हलवली आणि उजव्या बाजूचा डोळा काढून नवा लावला. हॉलच्या कोपऱ्यात, नऊ मिनिटांत, मला ज्याचा वैताग यायचा तसला जोड त्यानं तिथं लावला, चकचकीत, मण्यासारखा. दुसरी संधी. पाच, सहा. टक्. त्याच पायाला.

का नाही सांगितलं? लाज वाटली म्हणावं, तर मला कधी कशाची वाटली नाही. घाबरलो म्हणावं, तर मिलिंदला कोण घाबरणार? आजही मला धड उत्तर देता येत नाही आणि त्याचाच संताप येतो. इतकी वर्षं बडबड केलेल्या माणसाला त्या दहा मिनिटांत चार शब्द सुचू नयेत! तो बिल्ले परत करायला गेला, तेव्हा मी जिन्यात बसून लॅपटॉप उघडला, ओळ पुसली आणि काळीपिवळीच्या पोटातला प्रोग्रामही बदलून ठेवला. एसटीत काळीपिवळी मांडीवर घेऊन तो खिडकीपाशी बसला होता. बदनापूर यायच्या सुमारास बोलला, "माह्याच हातचं काहीतरी असन." मी म्हणालो, "जाऊ दे यार." आणि माझ्या फाट्यावर उतरून गेलो.

दुसऱ्या दिवशी त्यानं माझा प्रोग्राम मागून घेतला आणि ओळ न् ओळ वाचला. त्यात काय सापडणार होतं? काळीपिवळी पन्नास वेळा पळवली. एकदाही घसरली नाही. घसरणार कशी? बिघाड मी पुसून टाकला होता. जो बिघाड अस्तित्वातच नाही तो हा माणूस शोधत राहिला. त्या दिवसापुरता नव्हे, वर्षानुवर्षं. मी बियाण्यांच्या कंपनीत विक्रीला लागलो, तो आयटीआयमध्ये लागला, दोघांची लग्नं झाली, आणि मधूनच एखाद्या रविवारी दुपारी याचा फोन. "दिन्या, आज डबल बॅटरी लावून बघितली. न्हाई गेली सरळ." "आज उन्हात ठेवून बघितली. न्हाई गेली." मी चिडायचो, "अरे, फेकून दे ती पत्र्याची पेटी! लोकं चंद्रावर गेले!" तो म्हणायचा, "लोकं जाऊ दे. ही का गेल्ती ते कळलं पाहिजे." चिडायचो मी, त्यानं चिडायला पाहिजे होतं मुळात! एकदा म्हणाला असता की दिन्या, तूच काहीतरी केलं असशील, तर मी त्या क्षणी पायावर पडलो असतो. पण याचा माझ्या त्या एका 'न्हाई'वर विश्वास. माझं बाकी सगळं बोलणं चारानं भागणारा माणूस, आणि नेमकं ते एक वाक्य त्यानं पूर्ण धरलं.

दोन वर्षांपूर्वी मी ठरवून वाटूरला गेलो होतो. फाट्यावरच्या हॉटेलात चहा मागवला, दोन घोट घेतले आणि म्हणालो, "मिल्या, त्या स्पर्धेच्या दिवशी..." त्यानं हात वर केला. "थांब. तू न्हाई सांगायचं. तुही ती शालीची स्टोरी मी इतक्यांदा ऐकली की मला आता खरंच शाल दिसायला लागली. मला जे आठवतंय ते तरी माह्याकडं राहू दे. त्याच्यातच कुठंतरी कारण आहे." आणि बिस्किट बुडवून खाल्लं. खरं सांगायला गेलेल्या माणसाला त्याच्याच थापांनी दारातून परत पाठवलं. मी दुसरी एक गोष्ट सांगितली, तो हसला, चहा संपला.

वाटूरला जलदानविधी झाला, त्या दिवशी सविता वहिनी म्हणाल्या, "भावजी, त्यांचं सामान वर्कशॉपात पडलंय. माझ्यानं न्हाई जाववत. तुम्ही जाऊन येता का?" मागच्या शनिवारी गेलो. त्याची बॅच तिथं होती; निदेशक नसतानाही पोरं शनिवारी येऊन बसतात म्हणे. त्याच्या टेबलामागच्या भिंतीवर एक हिरवा फळा. मी तेरा वर्षांत एकदाही त्या वर्कशॉपात गेलो नव्हतो, त्यामुळे फळा पहिल्यांदाच बघत होतो. वर मोठ्या अक्षरांत 'न सापडलेले बिघाड', आणि खाली यादी. कुठला पंखा, कुठली मोटार, कुठलं वेल्डिंग मशीन. ज्याचं कारण सापडलं ती ओळ खोडलेली आणि शेजारी शोधणाऱ्या पोराचं नाव. सगळ्यात वरची ओळ मात्र न खोडलेली. खडू फिकट झाला की परत गिरवलेली, हे दिसतच होतं. 'काळीपिवळी. सातवा सेकंद. सरळ गेली, दोनदा. कारण —'

मी खडू उचलला. मागून आवाज आला, "सर, त्याला हात लावू नका. ती खरात सरांची ओळ आहे." आरती नावाची मुलगी, सेफ्टी चष्मा कपाळावर. मी म्हणालो, मला कारण माहीत आहे. आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं, मिशीपासून जिन्यापर्यंत, मिलिंदला जे एकदाही सांगता आलं नाही ते दहा अनोळखी पोरांना. एक शब्द फुगवला नाही. मला वाटलं, रडतील, चिडतील, निदान गप्प होतील. आरतीनं शांतपणे विचारलं, "तुम्ही दिनेश सर ना? शालवाले?" पोरं हसली. "सर, आमच्याकडं नियम आहे. बिघाड परत घडवून दाखवायचा, लागोपाठ तीनदा. मंगच ओळ खोडायची."

"अगं, मी स्वतः केलंय ते! मी सांगतोय ना?"

"खरात सर म्हणायचे, सांगणं धरायचं न्हाई, दिसणं धरायचं."

मला इतका राग आला की विचारू नका. पण कपाटात काळीपिवळी होती, पुसून ठेवलेली; वर्कशॉपच्या संगणकात माझा प्रोग्राम होता; आणि फरशीवर मांडायला एका पोरानं पांढरा पाट आणला, त्यावर मिलिंदनं औरंगाबादच्या रस्त्याचं हुबेहूब वळण काढून ठेवलेलं होतं. मी बसलो आणि ती ओळ टाईप केली. आकडा आठवावा लागला नाही. बटण आरतीनं दाबलं. पाच, सहा... काळीपिवळी वळण सोडून सरळ गेली आणि लोखंडी कपाटाला लागली. कुणी हसलं नाही. आरतीनं फळ्यावर त्या ओळीशेजारी एक बारकी रेघ मारली. परत सोडली. परत सरळ, परत कपाट. दुसरी रेघ. एक पोरगं हळूच म्हणालं, "सरांचा जोड ढिला नव्हता मंग."

तिसऱ्यांदा सोडली. पाच, सहा, सात... आणि ती वळण घेऊन, रेघ धरून, पुढं निघून गेली. शेवटपर्यंत. मी ओरडलो, "बॅटरी उतरली! ती हळू चालतेय, सातव्या सेकंदाला वळणापर्यंत पोचलीच नाही, डोळे मिटले तेव्हा सरळ रेघेवर होती!" आरतीनं वाकून बॅटरीला मीटर लावला, बघितलं, मान हलवली. "बराबर आहे सर. तसंच झालं असन." मी म्हणालो, मग झालं तर, खोड ती ओळ. "न्हाई सर. लागोपाठ तीनदा पाहिजे. आता पहिल्यापासून." आणि ओल्या फडक्यानं तिनं त्या दोन बारक्या रेघा पुसल्या. मिलिंदच्या अक्षराला फडक्याचं टोकसुद्धा लागू दिलं नाही.

बॅटरी भरायला तीन तास लागणार होते आणि वर्कशॉप बंद व्हायची वेळ झाली होती. मी पोरांपुढं अक्षरशः हात जोडले, एवढी एक ओळ खोडू द्या, बाजूला माझं नाव नका लिहू, पण त्याच्या नावावरचा डाग जाऊ द्या... खडू अजून माझ्या हातात होता. आरतीनं तो काढून घेतला, फळ्याखालच्या डबीत ठेवला आणि चष्मा कपाळावरून काढत म्हणाली, "सर, शनिवारी अकराला उघडतं."